उथळ, अरुंद जलमार्गात एक्डिस वापरताना या चुका टाळा

एक्डिस म्हणजे जहाजावरची इलेक्ट्रॉनिक चार्ट दाखवणारी यंत्रणा. तिच्यातल्या सेफ्टी कॉन्टूरचा, म्हणजे सुरक्षित आणि उथळ पाणी वेगळे करणाऱ्या खोलीच्या रेषेचा, आकडा मागच्या सफरीचाच ठेवून बंदराच्या वाटेला लागणे, ही मी सर्वाधिक वेळा पाहिलेली चूक आहे. खोल समुद्रात 30 मीटर चालून जातात, पण 9.5 मीटर ड्राफ्टचे (म्हणजे पाण्याखाली तेवढे बुडालेले) जहाज नदीच्या मुखात शिरले की त्याच आकड्यामुळे सगळा मार्ग धोक्याचा निळा दिसू लागतो आणि अलार्म पुन्हा पुन्हा वाजत राहतो. मी सेकंड ऑफिसर असताना एका जहाजावर हेच झाले. आवाजाला कंटाळून नवखा अधिकारी दर वेळी न वाचताच बटण दाबत होता, आणि वळणावर ओढीने जहाज कडेकडे सरकू लागले तेव्हाचा खरा अलार्मही त्याने तसाच दाबला. खोली मोजणाऱ्या एको साउंडरवर किलखालचे, म्हणजे जहाजाच्या तळाखालचे, पाणी 2.1 वरून 1.3 मीटरवर आलेले दिसताच मी कॅप्टनना ओरडून सांगितले आणि वेग उतरवला, म्हणून निभावले. 18 सप्टेंबर 2013 रोजी 'ओव्हिट' हा टँकर डोव्हरच्या सामुद्रधुनीतील व्हार्न बँक या उथळ वाळूच्या पट्ट्यावर रुतला, तेव्हाही सेफ्टी कॉन्टूर 30 मीटरवरच होता आणि एक्डिसचा आवाजी अलार्म बंद पडलेला होता.

ड्राफ्ट, स्क्वॉट (उथळ पाण्यात वेगामुळे जहाजाचे आणखी खाली बसणे) आणि किलखाली ठेवायचे किमान पाणी यांच्या बेरजेतून भरतीची उंची वजा करण्याचे गणित मी आजही कागदावर करतो. उत्तर 12 मीटर आले आणि चार्टमध्ये 10 व 20 मीटरच्याच समखोली रेषा असल्या, तर एक्डिस 20 ची रेषा धरते; म्हणून मी सेफ्टी डेप्थ (ज्याहून उथळ आकडे पडद्यावर ठळक दिसतात ती खोली) वेगळी भरतो आणि खोलीचे सुटे आकडे पाहून जिथे जायचेच नाही त्या क्षेत्राची सीमा हाताने आखतो. या कामाला अर्धा तास लागतो, आणि ज्याला तो जड वाटतो त्याच्या हाती मी अरुंद मार्गातला वॉच सोपवत नाही.

स्क्वॉट अंदाजाने धरू नये. बॅरस यांच्या सोप्या सूत्रानुसार अरुंद मार्गात ब्लॉक गुणांकाला (जहाजाचा बुडालेला भाग किती भरीव आहे ते सांगणारा आकडा) नॉटमधील (ताशी सागरी मैलांतील) वेगाच्या वर्गाने गुणून 50 ने भागावे: 0.8 गुणांकाचे जहाज 10 नॉटला सुमारे 1.6 मीटर खाली बसते, तर 7 नॉटला सुमारे 0.8 मीटर.

चार्ट वाजवीपेक्षा मोठा करून पाहिल्याने अचूकता वाढत नाही. चार्टमधील माहिती किती भरवशाची ते सांगणाऱ्या दर्जांपैकी सी दर्जाच्या सर्वेक्षणात स्थानाची चूक 500 मीटरपर्यंत असू शकते.

जीपीएस अँटेनाची जहाजावरील जागा चुकीची भरलेली असली, तर पडद्यावरचे जहाज खऱ्या जागेपासून सरकलेले दिसते. धक्क्याला लागलेले असतानाच रडारचे चित्र चार्टवर चढवून दोन्हींत धक्क्याची कड जुळते का, हे मी दोर सोडण्यापूर्वी पाहून घेतो.