मे महिन्यात पीसी तापतो? कॅबिनेट आणि कूलिंग निवडताना या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात माझ्या मावसभावाचा नागपुरातून फोन आला. "दादा, गेम चालू केला की पंधरा मिनिटांत अडखळायला लागतो. ग्राफिक्स कार्ड गेलं का रे?" कार्ड जेमतेम चार महिन्यांचं. संध्याकाळी जाऊन बघितलं. कॅबिनेट मोठं देखणं होतं: समोर काच, बाजूला काच, आत तीन रंगीत फॅन. पुढच्या काचेवर तळहात ठेवला तर ती चांगलीच कोमट लागली. ती काच ओढून काढली, गेम परत चालू करायला लावला आणि कार्डाचं तापमान दहा-बारा अंशांनी उतरलं. कार्ड ठणठणीत होतं, बिचारं गुदमरत होतं.

घरी पीसी असेंबल करणारे प्रोसेसर आणि कार्डाचा महिनाभर अभ्यास करतात आणि कॅबिनेट मात्र शेवटी, उरलेल्या पैशांत, फोटो बघून घेतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की हवा कुठून आत येणार आणि कुठून बाहेर पडणार, हे आधी ठरवा. बाकीचे भाग मग निवडा.

परदेशातल्या रिव्ह्यूतले आकडे जसेच्या तसे धरणं

प्रोसेसरवर बसणारा साधा, फॅनचा एअर कूलर असो की पाण्यासारखा द्रव फिरवणारा महागडा लिक्विड कूलर, तो प्रोसेसरला खोलीच्या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही. तो फक्त खोली आणि प्रोसेसर यांच्यातला फरक कमी ठेवतो. बहुतेक रिव्ह्यू २०-२२ अंशांच्या खोलीत होतात. तिथे प्रोसेसर ६८ अंशांवर दिसला, तर विदर्भातल्या ४० अंशांच्या खोलीत तोच प्रोसेसर, तोच कूलर ८६-८८ दाखवणार. म्हणून रिव्ह्यू बघताना खोलीचं तापमान शोधा आणि आपल्या मे महिन्याशी वजाबाकी करा. पुण्या-नाशिकच्या जानेवारीत उत्तम चाललेला पीसी उन्हाळ्यात का रडतो, त्याचं उत्तर इथेच मिळतं.

काचेच्या तोंडाचं कॅबिनेट

समोर सलग काच आणि कडेला बोटभर फट, असं कॅबिनेट घेऊ नका. मागे कितीही फॅन असले तरी हवा त्या फटीतूनच ओढावी लागते. पुढची बाजू जाळीची हवी. दुकानात एक सोपी परीक्षा करा: पुढचं पॅनेल काढून त्यामागे मोबाईलचा टॉर्च धरा. उजेड भरपूर पलीकडे आला तर हवाही येईल. फ्रॅक्टलचं मेशिफाय, कॉर्सेअरचं ४०००डी एअरफ्लो, लिअन लीचं लँकूल २१६ ही कॅबिनेटं गाजली ती या मोकळ्या तोंडामुळेच.

सध्या दोन बाजूंनी काच असलेल्या, माशांच्या टाकीसारख्या दिसणाऱ्या कॅबिनेटांची चलती आहे. ती वाईट नाहीत, पण त्यांत हवा तळातून आणि बाजूने घ्यावी लागते, आणि त्यासाठी सहा-सात फॅन लागतात. अनेक मॉडेल्स फॅनशिवाय विकली जातात. तो खर्च धरूनच किंमत बघा.

स्वस्त कॅबिनेटसोबत येणाऱ्या रंगीत फॅनची पिनही तपासा. चार मोठ्या पिनांच्या मोलेक्सवर चालणारे फॅन कायम एकाच वेगाने फिरतात, मदरबोर्डला त्यांचा वेग बदलता येत नाही. मदरबोर्डवर लागणारे चार पिनांचे दोन-तीन साधे काळे १२० मिमी फॅन त्यांच्यापेक्षा कितीतरी उपयोगी.

टेप न लावता खरेदी

मदरबोर्ड बसेल का, एवढंच लोक विचारतात. एटीएक्स म्हणजे ३०५ गुणिले २४४ मिमी, मायक्रो एटीएक्स २४४ गुणिले २४४, ते बसतं. अडतो तो कूलर. डीपकूलचा एके४०० हा १५५ मिमी उंच, एके६२० हा १६०, नॉक्टुआचा एनएच-डी१५ तर १६५. अरुंद कॅबिनेटमध्ये यातला मोठा कूलर बसवला की बाजूची काच लागत नाही.

दुसरी गफलत कार्डाच्या लांबीची. डब्यावर ३६० मिमीचं कार्ड बसतं असं लिहिलेलं असतं, पण बहुतेकदा ते पुढे रेडिएटर (लिक्विड कूलरची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) नसताना. रेडिएटर २७ मिमी, त्यावरचा फॅन २५ मिमी, म्हणजे ५२ मिमी गेले आणि उरले ३०८. तीन फॅनची बरीच कार्डं याहून लांब असतात.

फॅन उलटा बसवणं

फॅनच्या ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या काड्या असतात, तिथून हवा बाहेर पडते. मोकळी पाती दिसतात त्या बाजूने ती आत ओढली जाते. पुढून आत, मागून आणि वरून बाहेर, हा नेहमीचा मार्ग. खात्री करायची असेल तर उदबत्ती लावा आणि जरा अंतरावर धरा, राख आत जाऊ देऊ नका. पुढच्या जाळीकडे धूर ओढला गेला पाहिजे आणि मागच्या जाळीपाशी तो लांब फेकला गेला पाहिजे. पुढे धूर नुसताच वर चढत राहिला, तर तो फॅन नावापुरता आहे.

वरच्या बाजूला पुढच्या टोकाशी बाहेर फेकणारा फॅन लावू नका. तो नुकतीच आत आलेली गार हवा प्रोसेसरपर्यंत पोहोचायच्या आतच उचलून बाहेर टाकतो. वर एकच फॅन लावायचा असेल तर मागच्या अर्ध्यात लावा.

आत घेणारे फॅन बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त ठेवा. हवा मग फिल्टरमधूनच आत येते. उलट केलंत तर ती प्रत्येक फटीतून धूळ घेऊन शिरते.

कूलरची चौथी पिन

हे मात्र सावकाश वाचा, कारण "नवा पीसी, पण प्रोसेसर लगेच १०० अंशांवर" या तक्रारीमागे मला सर्वांत जास्त वेळा हेच सापडलं आहे. इंटेलच्या डब्यात येणाऱ्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या पिना असतात. प्रत्येकीच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो. तो बाण पिन सोडवण्याची दिशा दाखवतो, आणि बसवताना लोक नेमकं त्याच दिशेला फिरवतात. बसवण्याआधी चारही डोकी बाणाच्या उलट दिशेला शेवटपर्यंत फिरवून ठेवा. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन पिना एकाच वेळी दाबा, टक्क असा आवाज येईपर्यंत. नंतर उरलेल्या दोन. आता मदरबोर्ड उलटा करून बघा: चारही भोकांतून पांढऱ्या पाकळ्या बाहेर येऊन फाकलेल्या आणि त्यांच्या मधोमध काळी पिन दिसली पाहिजे. एका ठिकाणी जरी काळं दिसलं नाही, तरी कूलर त्या कोपऱ्यात अधांतरी आहे. हे काम मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी करा.

वेगळा कूलर घेतला असेल तर तळाची पारदर्शक फिल्म काढलीत ना, ते बघा. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायची थर्मल पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी पुरते. इंटेलच्या १७०० सॉकेटचे प्रोसेसर लांबट आहेत, त्यांवर मधोमध छोटी रेघ ओढा. कूलर एकदा उचलला की जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावायचीच.

गरज नसताना लिक्विड कूलर

६५ वॅटच्या प्रोसेसरला बरा एअर कूलर भरपूर झाला. लिक्विड घ्यायचाच असेल तर रेडिएटर वर बसवा. बंद नळ्यांतही थोडी हवा असतेच आणि ती सर्वांत उंच जागी जमते. ती उंच जागा पंप असता कामा नये. चालू करताना गुळगुळ आवाज येत राहिला तर हवा पंपात शिरली आहे. चालू केल्यावर काही सेकंदांतच तापमान नव्वदीपार गेलं तर आधी पंपाची वायर बघा.

पीसी ठेवायची जागा

कॉम्प्युटर टेबलच्या खालच्या लाकडी कप्प्यात कॅबिनेट सरकवलं की मागून निघालेली गरम हवा फिरून पुन्हा पुढून आत जाते. कप्प्याची मागची फळी काढा, नाहीतर कॅबिनेट बाहेर ठेवा. ते गालिच्यावर किंवा गादीवर ठेवलं तर खालून हवा घेणाऱ्या एसएमपीएसचं (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचं) तोंड बंद होतं.

आमच्या विदर्भात एक चूक हमखास होते: खिडकीतल्या वाळ्याच्या कूलरचा झोत थेट पीसीवर. गार वाटतं, पण त्या हवेबरोबर पाण्याचे बारीक थेंब येतात. आपलं बोअरचं पाणी जड. थेंब वाळले की क्षार मागे राहतात, तेच पांढरे डाग जे कूलरच्या जाळीवर दिसतात. खोली कूलरने गार करा, पीसी मात्र झोताच्या बाहेर ठेवा.

फिल्टर महिन्यातून एकदा धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, मोकळी फिरली तर बेअरिंग खराब होतं.

तरीही तापत असेल तर

एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारा प्रोग्राम) चालू करा, अर्धा तास गेम खेळा, आकडे लिहून ठेवा. मग बाजूचं पॅनेल काढून तेच पुन्हा करा. आकडे बरेच उतरले तर दोष हवेच्या वाटेत आहे. प्रोसेसरचा आकडा जागचा हलला नाही तर कूलर नीट बसलेला नाही. तापमान ठीक असूनही पीसी अचानक रिस्टार्ट होत असेल तर संशय एसएमपीएसवर घ्या.

एक मात्र लक्षात असू द्या. रायझेन ७६००एक्ससारखे प्रोसेसर जोरात काम करताना ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवले आहेत. तो बिघाड नव्हे. त्यांना बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) '६५ वॅट' नावाचा, कमी वीज ओढणारा इको मोड लावता येतो. वीज ओढण्याची मूळची १४२ वॅटची मर्यादा प्रत्यक्षात ८८ वर येते आणि गेममध्ये फरक फारसा जाणवत नाही. इंटेलचा आय७-१४७००के तर २५३ वॅटपर्यंत ओढतो. त्यालाही १२५ वॅटवर बांधता येतं. यात एक पैसा खर्च होत नाही. एप्रिलमध्ये लावा, मृगाचा पाऊस पडला की काढा.