बल आणि ऊर्जेची उदाहरणे कशी सोडवावीत: मोंढ्यातील एका पोत्याच्या आधाराने

बल आणि ऊर्जा यांवरील उदाहरणे अवघड जातात ती त्यांतील आकडेमोडीमुळे नव्हे. लातूरला अकरावीच्या मुलांना शिकवताना माझ्या वारंवार लक्षात आले आहे की, ज्याला वर्गसमीकरण तोंडी सुटते तोच विद्यार्थी पोते ओढण्याच्या साध्या उदाहरणात अडतो, कारण वाचून होताच तो सूत्र शोधू लागतो आणि पोत्यावर कोणकोणती बले लागली आहेत हे पाहायचे राहूनच जाते. म्हणून येथे एकच उदाहरण घेऊन ते सावकाश सोडवू.

मोंढ्यात आडत दुकानापुढे सोयाबीनचे ५० किलोग्रॅमचे पोते फरशीवर आहे. हमाल त्याला दोरी बांधून २५० न्यूटन बलाने आडवे ओढतो. पोते आणि फरशी यांमधील घर्षण गुणांक ०.४ आहे. स्थिर असलेले पोते ३ मीटर सरकल्यावर त्याचा वेग किती असेल?

प्रथम कागदावर फक्त पोते काढावे. हमाल, फरशी, दुकान यांतले काहीही काढू नये. त्यानंतर पोत्यावर बाहेरून लागणारे प्रत्येक बल बाणाने दाखवावे: पृथ्वीचे आकर्षण खाली, फरशीचे लंब बल वर, दोरीचा ताण पुढे आणि घर्षण मागे. प्रत्येक बाण काढताना 'हे बल कोण लावते?' असे स्वतःला विचारावे आणि उत्तर देता आले नाही तर तो बाण खोडावा. पोते पुढे सरकते म्हणून पुढच्या दिशेने 'गतीचे बल' असा पाचवा बाण काढणारी मुले प्रत्येक वर्गात असतात, पण ते बल लावणारे कोणीही नसते. गती टिकण्यासाठी बल लागत नाही, ती बदलण्यासाठी लागते, हे न्यूटनने १६८७ साली मांडलेल्या पहिल्याच नियमात आहे.

येथे एक शब्द सांभाळावा लागतो. काट्यावर आपण 'पन्नास किलो वजन' म्हणतो ते भौतिकशास्त्राच्या भाषेत वस्तुमान आहे. वजन हे बल असल्याने ते ५० गुणिले गुरुत्व त्वरण ९.८, म्हणजे ४९० न्यूटन होते.

पोते वर उचलले जात नाही आणि फरशीत रुततही नाही, म्हणून उभ्या दिशेतील बले समतोल असतात आणि लंब बल ४९० न्यूटन येते. घर्षण म्हणजे घर्षण गुणांक गुणिले लंब बल, त्यावरून ते ०.४ गुणिले ४९०, म्हणजे १९६ न्यूटन. आडव्या दिशेत २५० मधून १९६ वजा केल्यावर ५४ न्यूटन उरतात, त्यांना ५० ने भागले की त्वरण १.०८ मीटर प्रति सेकंद वर्ग मिळते.

लंब बल आणि वजन या उदाहरणात सारखे आले, आणि नेमकी येथेच एक वाईट सवय लागते. एका मुलीने वहीच्या पहिल्या पानावरच 'लंब बल बरोबर वजन' असे चौकटीत लिहून ठेवले होते. मी तिला दोरी ३० अंशांनी वर धरून हेच उदाहरण पुन्हा करायला सांगितले. आता ताणाचा १२५ न्यूटनचा उभा घटक पोत्याला थोडे उचलून धरतो, त्यामुळे लंब बल ३६५ न्यूटनच राहते आणि घर्षण १४६ न्यूटनवर येते. आडवा घटक २५० वरून २१६.५ पर्यंत घटला तरी उरणारे बल ७०.५ न्यूटन होते, म्हणजे तेवढ्याच ताकदीत पोते अधिक त्वरणाने निघते. जड पोते ओढताना हमाल दोरी थोडी वर का धरतो, हे तिला त्या आकड्यांत दिसले आणि तिने ती चौकट स्वतःच खोडली.

आता आडव्या दोरीच्या मूळ प्रश्नाकडे वळू. यात वेळ विचारलेली नाही. अंतर दिले आहे आणि वेग हवा आहे. अशा वेळी ऊर्जेची वाट जवळची असते, तर वेळ किंवा त्वरण विचारले असल्यास बलाच्या वाटेनेच जावे. दोरीने केलेले कार्य २५० गुणिले ३, म्हणजे ७५० ज्यूल. घर्षणात गेलेली ऊर्जा १९६ गुणिले ३, म्हणजे ५८८ ज्यूल. लंब बल आणि वजन विस्थापनाला काटकोनात असल्याने त्यांचे कार्य शून्य. उरलेले १६२ ज्यूल ही पोत्याची गतिज ऊर्जा. ती वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते, म्हणून तिची दुप्पट करून ५० ने भागले की वेगाचा वर्ग ६.४८ आणि वेग सुमारे २.५ मीटर प्रति सेकंद येतो. त्वरणावरून पडताळले तरी दोन गुणिले १.०८ गुणिले ३, म्हणजे ६.४८ च मिळतात. दोन्ही वाटांनी एकच उत्तर येणे ही सर्वांत चांगली पडताळणी आहे आणि सुरुवातीची दहा-पंधरा उदाहरणे तरी अशी दोनदा सोडवावीत. घर्षणातले ५८८ ज्यूल नाहीसे होत नाहीत, त्यांची उष्णता होते. कार्य आणि उष्णता यांचा हा हिशेब ज्यूलने १८४० च्या दशकात प्रयोगांनी जुळवून दाखवला.

हेच पोते १.२ मीटर उंचीच्या ट्रकवरून जमिनीपर्यंत तिरक्या लावलेल्या ४ मीटर लांबीच्या फळीवर वरच्या टोकाला ठेवले आणि घर्षण नाही असे धरले, तर स्थितिज ऊर्जेची पूर्ण गतिज ऊर्जा होऊन तळाशी वेग सुमारे ४.८५ मीटर प्रति सेकंद येतो, आणि वस्तुमान समीकरणाच्या दोन्ही बाजूंना असल्याने ते कटून जाते. पण घर्षण गुणांक ०.४ घेतला की वेगाचा वर्ग ऋण येतो. विद्यार्थी अशा वेळी चिन्ह बदलून पुढे जातात, ते मुळीच करू नये. ऋण वर्गाचा अर्थ असा की 'पोते तळापर्यंत घसरते' हे आपण धरलेले गृहीतकच चुकीचे होते. नुसते ठेवलेले पोते त्या फळीवर जागचे हलणारच नाही.

उत्तर आल्यावर एककासह त्याचा अंदाजही तपासावा. १२ मीटर खाली पाणी असलेल्या विहिरीतून १० किलोग्रॅमची भरलेली बादली शेंदण्यास १,१७६ ज्यूल लागतात. वीजबिलातले एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे काहीही वाया गेले नाही तर एका युनिटमध्ये अशा तीन हजारांहून अधिक बादल्या वर येतील. विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटार ३,७३० वॅटची असते आणि २० मीटर उंचीवर एक लिटर पाणी चढवण्यास १९६ ज्यूल लागतात, म्हणून ती मोटार सेकंदाला जास्तीत जास्त १९ लिटर पाणी देईल आणि पाइपातील घर्षण व पंपातील ऊर्जाक्षय यांमुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच. वहीत ४० लिटर आले असतील तर सूत्र शोधत बसू नये, आकृतीपासून पुन्हा सुरुवात करावी.