विरोधाच्या काळात सेवा टिकवताना : पाळक आणि सुवार्तिकांसाठी

बायबलमधले, आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेले दुसरे पत्र प्रेषित पौलाने रोमच्या तुरुंगातून लिहिले, तेव्हा आपला शेवट जवळ आला आहे हे त्याला ठाऊक होते. त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात तो त्रोवसात कार्पाकडे राहिलेला आपला झगा मागवतो, पुस्तके आणि विशेषतः चर्मपत्रे आणायला सांगतो, मार्काला बरोबर घेऊन ये म्हणतो आणि हिवाळ्यापूर्वी येण्याची विनंती करतो. हा मजकूर आपण बहुधा पत्राची अखेर म्हणून भरभर वाचून टाकतो. माझ्या मते विरोधात सापडलेल्या सेवकाने नेमका हाच भाग पुन्हा पुन्हा वाचावा. चांगले युद्ध केले, धाव संपवली, विश्वास राखला असे म्हणणारा मनुष्य आपल्या मनाच्या बळावर विसंबून बसलेला नाही. ऊब, सोबत आणि वाचन यांची तो जमेल तशी तजवीज करतो आहे. हल्ल्याच्या किंवा अपमानाच्या दिवशी सहसा कोणी सेवा सोडत नाही, कारण त्या दिवशी मंडळी जवळ असते आणि प्रार्थनाही मनापासून होते. सेवक खचतो तो पुढच्या महिन्यांत, जेव्हा फोन येणे थांबते, उसनवारी वाढते, घरात कोणी मोकळेपणाने बोलत नाही आणि मनात कडवटपणा साचत जातो. म्हणून तयारी त्या महिन्यांची करावी.

विरोध कशाला होतो आहे, हे आधी तपासावे

पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात स्पष्ट बजावले आहे की खुनी, चोर किंवा दुसऱ्याच्या कामात लुडबूड करणारा म्हणून कोणी दुःख भोगू नये. ख्रिस्ती म्हणून दुःख सोसावे लागले तर मात्र लाज वाटून घेऊ नये. हा भेद करणे कठीण जाते, कारण विरोध झाला की आपण त्याला लगेच छळ म्हणतो. रात्री उशिरापर्यंत चाललेल्या ध्वनिक्षेपकाबद्दल शेजारी तक्रार करत असतील, दानाचा हिशेब कोणालाच दाखवला जात नसेल किंवा उपदेशात दुसऱ्यांच्या देवदेवतांविषयी टाकून बोलले गेले असेल, तर तो राग सुवार्तेमुळे ओढवलेला नाही. अशा वेळी ज्यांना त्रास झाला त्यांच्याकडे स्वतः जाऊन, 'पण', 'परंतु' न लावता क्षमा मागावी. त्याने सेवेचे वजन कमी होत नाही आणि उरलेला विरोध खरोखर कशाचा आहे तेही स्वच्छ दिसू लागते.

तपासण्याची एक साधी रीत आहे. घडलेला प्रसंग विशेषणे न वापरता एका पानावर लिहावा : कोण आले, काय म्हणाले, आपण काय उत्तर दिले, तेथे आणखी कोण होते. ते पान एका वयस्क पाळकाला आणि मंडळीबाहेरच्या एका समंजस शेजाऱ्याला वाचून दाखवावे. दोघांनीही एकाच ठिकाणी बोट ठेवले, तर तेथे थांबून विचार करावा. आणखी एक गोष्ट मोकळेपणाने लिहायला हवी. आपल्या मंडळ्यांत पाळकाला सर्वांत जास्त जखमा पुष्कळदा आतूनच होतात. पंच कमिटीतले गट, मिशनच्या मालमत्तेचे वाद, बदलीसाठी होणारे अर्ज आणि कोर्टातले दावे यांनी जेवढे सेवक थकवले आहेत, तेवढे बाहेरच्या विरोधाने थकवले नसतील. आतल्या भांडणाला छळाचे नाव देऊन व्यासपीठावरून बोलू नये. त्याने मंडळी दुभंगते आणि पुढे खरोखर छळ झाला तर त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

या बाबतीत ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन ही मुलींची शाळा सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती पुण्याला हलवली. शाळेत ख्रिस्ती धर्म शिकवायचा नाही, मुलींनी आपापले आचार पाळावेत, हा करार होता. मात्र स्वतःची श्रद्धा लपवण्याचे वचन रमाबाईंनी कोणालाही दिले नव्हते. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. यावरून वाद पेटला, 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या प्रसंगात रमाबाईंजवळ दोन गोष्टी होत्या : आपण काय कबूल केले आणि काय केले नाही याची स्पष्ट जाणीव, आणि जाणाऱ्या मुलींच्या मागे न धावता उरलेल्या मुलींना शिकवत राहण्याचा निश्चय. वादाला उत्तर देण्यात त्यांनी आयुष्य खर्ची घातले असते, तर १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींना आणून केडगावला आसरा देण्याएवढी ताकद उरली नसती.

सोपवलेले काम ठरवून ठेवावे

यरुशलेमेचा तट पुन्हा बांधत असलेल्या नहेम्याला त्याचे विरोधक सनबल्लट आणि गेशेम यांनी ओनोच्या मैदानात भेटायला चार वेळा बोलावले आणि चारही वेळा त्याने एकच उत्तर पाठवले : मी मोठ्या कामात गुंतलो आहे, मला येता येत नाही. असे उत्तर देता येण्यासाठी आपले काम कोणते, हे आधी ठाऊक असावे लागते. शांततेच्या काळातच एका कागदावर लिहून ठेवावे की कितीही अडचण आली तरी कोणती सेवा थांबणार नाही आणि वेळ पडल्यास काय बाजूला ठेवता येईल. रविवारची उपासना, प्रभुभोज, आजाऱ्यांची भेट, मुलांना वचनाचे शिक्षण, शोक झालेल्या घरी जाणे आणि मातीची (दफनाची) सेवा ही पहिल्या भागात येतील. वार्षिक महोत्सव, सभागृहाचे बांधकाम आणि मोठ्या सभा दुसऱ्या भागात. मंडपात उपासना घेणे अशक्य झाले, तर ती तीन घरांत विभागून घेता येते. महोत्सव एक वर्ष झाला नाही म्हणून मंडळी मोडत नाही; पण आजारी म्हातारीकडे पाळक दोन महिने फिरकला नाही, तर ती गोष्ट सगळ्या वस्तीच्या लक्षात राहते.

हिशेब, नोंदी आणि कायदा

यरुशलेमेसाठी जमवलेली वर्गणी नेताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेला भाऊ बरोबर घेतला, कारण प्रभूपुढे आणि माणसांपुढेही व्यवहार चोख असावा असे त्याला वाटत होते. दान उपासनेनंतर लगेच दोघांनी मिळून मोजावे, दोघांनी वहीत सही करावी आणि रक्कम बँक उघडताच मंडळीच्या खात्यात भरावी. पाळकाच्या वैयक्तिक खात्यातून मंडळीचा पैसा फिरू देऊ नये. परदेशातून देणगी येणार असेल, तर कायद्याने आवश्यक असलेली नोंदणी नसताना ती कोणत्याही वाटेने स्वीकारू नये, मग देणारा कितीही भाविक असो. गरिबाला धान्य, औषध किंवा फी देताना त्याची उपस्थिती, बाप्तिस्मा किंवा कबुली यांच्याशी त्या मदतीचा काडीचाही संबंध येऊ देऊ नये. हे केवळ आरोपापासून वाचण्यासाठी सांगत नाही. मदतीच्या मोबदल्यात मिळालेली कबुली ही त्या माणसाचा अपमान आहे आणि शुभवर्तमानाचाही.

कायद्याची ओळख करून घेणे हा विश्वास कमी असल्याचा पुरावा समजू नये. फिलिप्पैत फटके मारून तुरुंगात टाकल्यावर अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्यायचे ठरवले, तेव्हा पौलाने आपण रोमी नागरिक असल्याचे सांगून त्यांना स्वतः यायला लावले. पुढे कैसरियात त्याने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. आपल्या संविधानाचे कलम २५ सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देते. त्याच वेळी १९७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. अनेक राज्यांत धर्मांतराविषयी वेगवेगळे कायदे आहेत, त्यामुळे आपल्या राज्यातला चालू कायदा एखाद्या वकिलाकडून समजून घ्यावा आणि त्या वकिलाचा क्रमांक पाळकाच्या पत्नीजवळ व मंडळीच्या सचिवाजवळही असावा. कायदेशीरपणे चाललेल्या उपासनेत जाणूनबुजून व्यत्यय आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०० खाली गुन्हा आहे. संविधानाच्या कलम २२ प्रमाणे अटक झालेल्या माणसाला अटकेचे कारण कळण्याचा, वकिलाला भेटण्याचा आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले जाण्याचा हक्क आहे. जमाव आला, तर आधी मुले, वृद्ध आणि स्त्रिया यांना सुरक्षित बाहेर काढावे, कोणाच्याही अंगाला हात लावू नये, चढ्या आवाजात वाद घालू नये आणि पोलिसांना फोन करावा. त्याच रात्री तारीख, वेळ आणि साक्षीदारांसह नोंद लिहून काढावी. दोन दिवसांनी लिहिलेल्या नोंदीत ऐकीव गोष्टी मिसळतात.

अर्ज आणि निवेदन यांचे बळ मुंबईतल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी अनुभवले. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारचा त्यांना परत पाठवण्याचा आदेश होता. त्या वर्षी ते एकदा न सांगता जहाजाने कोचीनकडे निघून गेले, परत आणले गेले आणि गव्हर्नर सर एव्हन नेपियन यांचा रोष ओढवून बसले. अखेर त्यांच्या उपयोगी पडली ती उघडपणे, आदराने आणि विवेकाला स्मरून लिहिलेली निवेदने, आणि त्यांना राहू देण्यात आले. हॉल १८२६ मध्ये नाशिकच्या बाजूला दौऱ्यावर असताना पटकीने वारले. मराठी प्रदेशातले अमेरिकन मिशनचे काम मात्र पुढे अहमदनगरपर्यंत पोहोचले. उघडपणे वागणाऱ्याला अधिकाऱ्यांपुढे मान खाली घालावी लागत नाही. स्थानिक पोलीस ठाणे, सरपंच किंवा नगरसेवक यांच्याशी संकट येण्यापूर्वीच ओळख असावी, हे त्यासाठीच.

शरीर, घर आणि सोबत

ईजबेल राणीच्या धमकीने पळालेला एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले आणि पुन्हा उठवून खायला घातले. होरेब डोंगरावरचे देवाशी झालेले संभाषण त्यानंतरचे आहे. सततच्या तणावात असलेल्या सेवकाने आठवड्यातला एक दिवस खरोखर सुट्टीचा ठेवावा, रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी, झोप उडाली असेल तर डॉक्टरांकडे जावे. उपास करायचा तर तो प्रार्थनेसाठी करावा. जेवायची इच्छा नाही म्हणून राहिलेल्या उपाशीपणाला उपास म्हणू नये.

घराचा प्रश्न अधिक नाजूक आहे. सेवेची हाक पाळकाला आलेली असते, पण टोमणे पत्नीला नळावर आणि मुलांना शाळेत ऐकावे लागतात. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. त्या परत आल्या त्यासुद्धा आपला धर्म जपून, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःची खात्री पटल्यावरच. घरातल्या माणसाला एवढी मोकळीक देणे प्रत्येक सेवकाला जमले पाहिजे. आठवड्यातून एकदा तरी पत्नीला आणि मुलांना त्यांची भीती बोलून दाखवू द्यावी आणि त्यावर लगेच वचन सांगून विषय मिटवू नये. स्तोत्रसंहितेतली विलापाची स्तोत्रे घरी मोठ्याने वाचावीत. देवाजवळ तक्रार करण्याची परवानगी त्यांत आहे.

सोबती मंडळीबाहेरचेही असावेत. पौलाला सगळे सोडून गेले होते, तरी अनेसिफराने रोममध्ये त्याला कसोशीने शोधून काढले आणि त्याच्या बेड्यांची लाज धरली नाही. आपण कोणाचे अनेसिफर होऊ शकतो, हेही पाहावे. शेजारच्या तालुक्यातल्या पाळकावर दावा दाखल झाला असेल, तर फोनवर प्रार्थना करून थांबू नये. जाऊन भेटावे आणि जाताना किराणा न्यावा.

कडवटपणावर पौलाच्या सुरुवातीला सांगितलेल्या त्याच चौथ्या अध्यायात दोन वेगळी उत्तरे आहेत. आलेक्सांद्र तांबटाने पुष्कळ वाईट केले, त्याच्यापासून जपून राहा असे तो सांगतो आणि परतफेड प्रभूवर सोपवतो. न्यायासनापुढच्या पहिल्या जबाबाच्या वेळी भीतीने दूर राहिलेल्यांचा दोष मात्र त्यांच्याकडे मोजला जाऊ नये म्हणतो. हानी करणारा आणि घाबरलेला यांना एकाच मापाने मोजू नये. जो घाबरून उपासनेला येईनासा झाला आहे, त्याच्याकडे चहाला जावे आणि उपासनेचा विषय काढू नये.

जागा सोडण्याचा प्रश्न

एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, असे प्रभूनेच शिष्यांना सांगितले आहे. पौल दमास्कसातून पाटीत बसून तटावरून उतरला आणि करिंथात मात्र विरोध असूनही दीड वर्ष राहिला. त्यामुळे राहणे हे नेहमी धैर्य आणि जाणे ही नेहमी माघार असते, असे समजू नये. जिवाला धोका आहे का, आपल्या तेथे असण्याने मंडळीवरचे संकट वाढते आहे का, आणि आपल्यामागे सेवा पाहणारे कोणी तयार आहे का, हे तीन प्रश्न वडीलमंडळींसमोर ठेवून, रागाचा किंवा रडण्याचा दिवस सोडून इतर दिवशी निर्णय घ्यावा. जायचे ठरले, तर बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या, बँकेची कागदपत्रे, आजाऱ्यांची यादी आणि चालू दाव्यांच्या तारखा नव्या सेवकाच्या हाती देऊन त्याला निदान दोन रविवार बरोबर घेऊन घरोघर फिरावे, म्हणजे कोणत्या घरी दार वाजवून थांबायचे आणि कोणत्या घरी मागच्या अंगणातून हाक मारायची हे त्याला कळेल.