गिटार किट मागवताय? रंगाचा डबा नंतर उघडा, पहिले हे बघा

इलेक्ट्रिक गिटारचं किट, म्हणजे सुटे भाग जे आपणच जोडायचे, घरी आलं रे आलं की सगळ्यांना पहिले रंग मारायची घाई, आणि इथंच गोची होते, कारण एकदा सँडपेपर फिरवला किंवा रंग लावला की विकणारा वापस घेत नाही भाऊ. त्यामुळे रंगाच्या आधी सगळं कोरडंच जोडून बघायचं.

मागवतानाच स्केल लेंथ, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी, विचारा. स्ट्रॅट टाइप (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारसारख्या) किटमध्ये ती २५.५ इंच म्हणजे साधारण ६४८ मिमी असते. नेक (गिटारचा लांब दांडा) एकाकडून आणि बॉडी दुसऱ्याकडून घेत असाल तर नेकच्या बुडाची रुंदीही विचारा, स्ट्रॅटला ती ५६ मिमीच्या आसपास असते. फोटोतला हेडस्टॉक, म्हणजे खुंट्या बसतात ते नेकचं टोक, नुसता चौकोनी फळीसारखा दिसत असेल तर तो तुम्हालाच कापायचाय, जिगसॉ (वळणदार कापायची विजेची करवत) नसेल तर असं किट घेऊच नका.

आता मुख्य काम. नेक बॉडीतल्या खाचेत, म्हणजे पॉकेटमध्ये बसवा, स्क्रू कसा आणि नटपासून (हेडस्टॉकजवळची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) मोजा, ६४८ च्या निम्मे म्हणजे ३२४ मिमी यायला पाहिजे. मग ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) जागेवर ठेवा, बारक्या तारेचं सॅडल (ब्रिजवरचा तिचा सरकता टेकू) नटपासून ६४८ वर आणता येतंय का बघा, आणि बाकीच्या तारांची सॅडल त्याच्या थोडी मागं सरकायला जागा आहे का तेही. नसेल तर सूर कधीच जुळणार नाही, मग तुम्ही कितीही भारी पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) टाका. नंतर दोन्ही ई तारांच्या (सगळ्यात जाड आणि सगळ्यात बारीक) जागी शिवणाचा दोरा ताणा, शेवटच्या फ्रेटजवळ दोन्ही बाजूंना सारखं अंतर दिसलं तर ठीक, एक दोरा काठावरून घसरत असेल तर नेक तिरपी बसलीय किंवा ब्रिजची भोकं चुकलीत. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि लोक नेमकं हेच टाळतात, काहून ते देव जाणे.

नेकवर स्टीलची पट्टी ठेवून वाक बघा. ट्रस रॉड (नेकच्या आतला वाक सरळ करायचा लोखंडी दांडा) पाव फेराच फिरवून बघायचा, पूर्ण कसलेला असूनही नेक वाकलेलीच असेल तर वापस पाठवा. नागपुरात मे महिन्यात फ्रेटची टोकं कडेला बोटाला टोचतात, कारण कोरड्या हवेत फिंगरबोर्ड (फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) आकसतो आणि धातू तसाच राहतो. त्याला दोष म्हणून भांडत बसू नका, बारीक कानशीनं टोकं घासली की झालं. पण नेक कूलरसमोर मात्र ठेवू नका, दिवसा कोरडी लाही आणि रात्री ओला वारा, लाकूड हलणारच. लॅकरचा स्प्रेही पावसाळ्यात नको, दमट हवेत पांढरी साय धरते.

बॉडीवर तिरका उजेड पाडून बघा, फेव्हिकॉलसारख्या गोंदाचे डाग दिसतील, तिथं स्टेन (लाकडात मुरणारा रंग) अजिबात शोषला जात नाही. स्क्रूसाठी आधी बारीक भोक, आणि स्क्रूला साबण चोळा, नाहीतर डोकं तुटून हातात येतं.

वायरिंग जुळल्यावर घूं आवाज येतोय आणि तारांना हात लावला तरी तसाच राहतोय? ब्रिजखालची अर्थची वायर सुटली असेल. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक ब्रिजला, दुसरं जॅकच्या (केबल लावतो ते भोक) बाहेरच्या भागाला, बीप वाजला पाहिजे. नाही वाजला तर ब्रिज काढा, वायरचं टोक खरवडून परत दाबून बसवा.