कोलेस्ट्रॉल वाढलं म्हणून तेल बंद केलंत? या चुका टाळा

रिपोर्ट हातात आला की कोल्हापुरात पहिली गदा तर्रीवर येते. मिसळीत कट नको, भाजीला फोडणी नको. आहारसल्ला देताना हे मी रोज ऐकते, आणि नेमकी हीच चूक सगळ्यात महागात पडते.

करवीर तालुक्यातले एक काका आले होते, घरचं गुऱ्हाळ. तीन महिने तेल-तुपाला शिवले नव्हते, तरी ट्रायग्लिसराइड, म्हणजे कोलेस्ट्रॉलच्या रिपोर्टमध्येच येणारी रक्तातली चरबी, 210 वरून 340. लॅबच चुकली म्हणत होते. मी दिवसभराचं खाणं विचारलं: चार वेळा गुळाचा चहा, काकवी-भाकरी, दुपारी ताटभर भात, भूक लागली की उसाचा रस. लिव्हर स्वतःही चरबी बनवतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. जास्तीची साखर आली की ते तिचं ट्रायग्लिसराइड करतं आणि व्हीएलडीएल नावाच्या, चरबी वाहून नेणाऱ्या कणांत भरून रक्तात सोडतं. गूळ कितीही अस्सल असला तरी बहुतेक साखरच. मी काकवी आणि रस थांबवला, भात निम्मा केला, शेंगतेलाची फोडणी परत आणली. पुढच्या तपासणीत आकडा 160.

दुसरी चूक म्हणजे सगळी चरबी एकाच मापानं मोजणं. लिव्हरच्या पेशींवर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, रक्तातून ओढून घेणारे रिसेप्टर असतात. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना 1985 चं नोबेल याच शोधासाठी मिळालं. संपृक्त चरबी, म्हणजे तुपासारखी गार झाली की गोठणारी, जास्त झाली की हे रिसेप्टर मंदावतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. त्या जागी शेंगतेल, सूर्यफूल आलं की काम सुधारतं. शेंगतेलात संपृक्त चरबी साधारण पाचवा हिस्सा, खोबरेल तेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास, मग ते लाकडी घाण्याचं का असेना. नारळाच्या दुधातला पांढरा रस्सा म्हणूनच आमच्याकडे महिन्यातून एकदा. मटण मी आदल्या दिवशी शिजवून फ्रीजमध्ये ठेवते आणि वर गोठलेला थर काढून टाकते. दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध तालमीत घाम गाळणाऱ्या पैलवानाला पचतं. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्यानं तेवढाच पेला रिचवू नये.

अंड्यातला बलक काढून टाकता आणि चहाबरोबर वनस्पती तुपातली खारी खाता, हे उलटं आहे. एलडीएल बलकापेक्षा वनस्पती तुपातल्या चरबीनं जास्त चढतं.

रात्री तांबडा-पांढरा ओरपून सकाळी रक्त देऊ नका. ट्रायग्लिसराइडसाठी 12 तास पोट रिकामं हवं.

आकडा उतरला म्हणून स्टॅटिन, म्हणजे डॉक्टरांनी दिलेली कोलेस्ट्रॉलची गोळी, मनानं बंद करू नका. ती गोळी लिव्हरचे रिसेप्टर वाढवते. थांबवली की काही आठवड्यांत एलडीएल परत चढतं.

पंधरा दिवसांत पुन्हा तपासणी करणाऱ्यांना मी परत पाठवते. किमान आठ आठवडे द्या. पण ट्रायग्लिसराइड 500 च्या वर असेल तर थांबू नका, कारण तिथे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. अशा वेळी चांगलं तेलही कमी करावं लागतं, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं.