नटक्रॅकर चढताना

कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्यात, एल कॅपिटनजवळच्या मॅन्युअर पाइल बट्रेस या ग्रॅनाइटच्या कड्यावर नटक्रॅकर हा ५.८ श्रेणीचा (अमेरिकी काठिण्यश्रेणीनुसार मध्यम अवघड), साधारण पाच टप्प्यांचा प्रस्तरारोहणाचा मार्ग आहे. १९६७ साली रॉयल आणि लिझ रॉबिन्स या दांपत्याने एकही पिटॉन (भेगेत हातोड्याने ठोकायचा लोखंडी खिळा) न ठोकता, केवळ नटांच्या, म्हणजे भेगेत हाताने अडकवायच्या धातूच्या पाचरींच्या आधारावर तो प्रथम चढला. पिटॉन वारंवार ठोकून उपटल्याने भेगांच्या कडा कायमच्या फुटत होत्या. हातोड्याविनाही सुरक्षित चढता येते, हे या चढाईने दाखवून दिले. म्हणूनच इथे नट बसवण्याची कला मनापासून शिकावी, असे मला वाटते.

साठ मीटरचा एक दोर, नटांचा पूर्ण संच, बोटापासून मुठीपर्यंतच्या रुंदीचे कॅम (भेगेत फाकून घट्ट बसणारी स्प्रिंगची साधने), लांब स्लिंग (आधार आणि दोर जोडणारे पट्ट्याचे फास), नट काढण्याची पट्टी आणि शिरस्त्राण एवढे साहित्य पुरते. कडा दक्षिणाभिमुख असल्याने उन्हाळ्यात तो तापतो, शिवाय मार्ग लोकप्रिय आहे. त्यामुळे पहाटेच पायथा गाठावा.

नट बसवण्यापूर्वी भेग खाली कुठे अरुंद होते ते पाहावे, त्या जागेच्या वरून नट आत सरकवावा, त्याच्या दोन्ही बाजू खडकाला जास्तीत जास्त टेकल्या आहेत याची खात्री करावी आणि मग पडल्यावर ज्या दिशेने ताण येईल त्याच दिशेने झटका देऊन तो घट्ट करावा. ठोकल्यावर पोकळ वाजणाऱ्या खडकाच्या पापुद्र्यावर भिस्त ठेवू नये. मार्ग वळतो तिथे लांब स्लिंग न लावल्यास दोराच्या ओढीने नट वर उचलला जाऊन निसटतो. पहिला आधार बाहेरच्या व वरच्या ताणालाही टिकला पाहिजे, कारण तो सुटला तर त्याच्या वरचेही एकापाठोपाठ एक सुटू शकतात. बिलेच्या (थांबून जोडीदाराचा दोर सांभाळण्याच्या) जागी किमान तीन भक्कम आधार जोडून ताण सर्वांवर वाटावा.

सह्याद्रीच्या बेसॉल्टवर खोबणी धरून चढण्याची सवय झालेल्या आरोहकाला गुळगुळीत भेग सुरुवातीला अवघड वाटते. हात भेगेत घालून अंगठा तळव्याकडे दुमडावा, म्हणजे पंजा फुगून अडकतो. पाऊल घालताना गुडघा बाहेर झुकवावा, पाऊल आत गेल्यावर गुडघा सरळ करावा आणि शरीराचा भार त्याच पावलावर घ्यावा. दंडांच्या बळावर चढणारा लवकर थकतो.

शेवटच्या टप्प्यात एका फुगवट्यावर तळहात दाबून अंग वर घ्यावे लागते. इथे पडल्यास खालच्या खडकावर घोटा आपटण्याचा धोका असतो, म्हणून ही हालचाल करण्यापूर्वी शक्य तितक्या उंचीवर विश्वासाचा आधार बसवावा, पाय नीट ठेवून घ्यावेत आणि मगच निश्चयाने उठावे. माथ्यावरून पायवाटेने चालत उतरता येते. मात्र वाटेतले सुटे दगड खाली चढणाऱ्यांवर जाणार नाहीत, याची काळजी घ्यावी.