व्हर्च्युअल सर्व्हरवर नजर ठेवताना या चुका टाळा

"सर्व्हर स्लो चाललाय" असा फोन येतो. आपण व्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला सर्व्हर) शिरून पाहतो तर सीपीयू ३० टक्के, निम्मी रॅम रिकामी. "इकडे सगळं नीट आहे" असं सांगून फोन ठेवतो. नागपुरातल्याच एका कार्यालयाला मी हे उत्तर तीनदा दिलं आणि तिन्ही वेळा चूक माझी होती. बिलिंगच्या टेबलावरची माणसं खरं सांगत होती.

होस्टला, म्हणजे या व्हीएम ज्यावर चालतात त्या खऱ्या मशीनला, १६ कोअर होते आणि त्यावरच्या व्हीएमना मिळून सत्तरच्या आसपास व्हीसीपीयू (व्हर्च्युअल प्रोसेसर) वाटले होते. कोअर मोकळा होईपर्यंत व्हीएम रांगेत उभी राहते. या वाट पाहण्याला व्हीएमवेअर या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'सीपीयू रेडी' म्हणतात, आणि ती वाट व्हीएमच्या आतून दिसत नाही. केव्हीएम या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवरच्या लिनक्समध्ये 'टॉप' या कमांडमधला 'एसटी' हा आकडा तिची चाहूल देतो. व्हीएमवेअरवर मात्र तो सहसा शून्यच दिसतो, म्हणून होस्टकडेच विचारायला हवं.

तिथेही एक खड्डा आहे. व्हीसेंटर, म्हणजे व्हीएमवेअरचे होस्ट सांभाळायचं सॉफ्टवेअर, 'रेडी' मिलिसेकंदांत दाखवतं. रिअल-टाइम आलेखात एक नमुना २० सेकंदांचा असतो, म्हणून २००० मिलिसेकंद म्हणजे १० टक्के. दिवसभराच्या आलेखात नमुना ३०० सेकंदांचा होतो, तिथे तेच २००० एका टक्क्याहूनही कमी. आकडा सगळ्या व्हीसीपीयूंचा मिळून असेल तर त्यांच्या संख्येनेही भागा. दर व्हीसीपीयूमागे ५ टक्क्यांच्या वर टिकून राहिला तर मी हालचाल सुरू करतो. बहुतेक जण अशा वेळी आणखी व्हीसीपीयू देतात आणि रांग वाढवतात. आम्ही बिलिंगच्या व्हीएमचे व्हीसीपीयू ८ च्या जागी ४ केले, तेव्हा बिलिंग सुरळीत झालं.

नेटवर्कचे आकडेही असेच फसवतात. एसएनएमपी (नेटवर्कवरच्या उपकरणांचे आकडे वाचायची पद्धत) मधला ट्रॅफिक मोजणारा ३२ बिटांचा काउंटर १ गिगाबिटच्या भरलेल्या लाइनवर सुमारे ३४ सेकंदांत शून्यावर येतो. दर पाच मिनिटांनी वाचलात तर मधल्या फेऱ्या हरवतात आणि आलेख शांत दिसतो. ६४ बिटांचे काउंटर वापरा.

लिनक्समध्ये 'फ्री' रॅम कमी दिसली म्हणून घाबरू नका, 'अव्हेलेबल' बघा. होस्टवर बलूनिंग (व्हीएमकडून रॅम परत काढून घेणं) किंवा स्वॅपिंग (रॅमऐवजी डिस्क वापरणं) सुरू झालं असेल तर मात्र लगेच उठा. बॅकअपनंतर विसरलेले स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) आठवड्यातून एकदा तपासा, ते वाढत जाऊन डेटास्टोअर, म्हणजे व्हीएमच्या फाइल्स ठेवायची जागा, भरून टाकतात.

आता आपल्या उन्हाळ्याचं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात सर्व्हर रूमचा एसी बंद पडला की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मग होस्टवरच्या सगळ्याच व्हीएम एकदम मंदावतात आणि आपण प्रत्येकीत शिरून कारण शोधत बसतो. होस्टच्या पुढच्या बाजूने आत जाणाऱ्या हवेचं तापमानही मॉनिटरिंगमध्ये घ्या. नवतपा लागायच्या आधी त्याचा अलर्ट खरोखर मोबाइलवर येतो का, हे एकदा करून बघा.

आणि मॉनिटरिंगचा सर्व्हर त्याच होस्टवर ठेवू नका. आमचा तसाच होता. होस्ट रात्री बंद पडला, एकही मेसेज आला नाही, सकाळी चौकीदाराने फोन केला तेव्हा कळलं. आता तो एका जुन्या डेस्कटॉपवर, वेगळ्या यूपीएसवर चालतो.